मनीचे पाळणाघर

रविवारची शेवटची मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीत वेदीवस्त्रे उतरवीत होतो. बाहेर आवारात नेहमीप्रमाणे माणसांचे घोळके रेंगाळत होते. तेवढ्यात बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात इस्पितळाची फाईल होती आणि चेहऱ्यावर प्रगतिपुस्तक वाटायला निघालेल्या शिक्षिकेचा गंभीरपणा होता.

या बाई म्हणजे माझ्या इयत्ता चौथीच्या वर्गशिक्षिका. माझ्या गावच्या मराठी शाळेत त्यांनी मला भागाकार शिकवला. योगायोग असा, की बाईंचे सासरचे घर ज्या धर्मग्रामात आहे, तेथेच काही वर्षांपूर्वी माझी प्रमुख धर्मगुरू म्हणून नेमणूक झाली. मला दीक्षा मिळाली त्या दिवसापासून बाई मला 'फादर' आणि 'तुम्ही' म्हणू लागल्या. मला त्याचा संकोच वाटतो. परंतु त्यांनी आपला निर्णय बदलला नाही. फक्त रागावल्या, की त्यांच्या तोंडून पूर्वीचे 'तू' निघून जाते. वय शहात्तर. पती निवर्तले, मुलगा कॅनडात. घरात त्या आणि त्यांची मांजर, मनी.

ही गोष्ट २०२३ सालच्या पावसाळ्यातली. बाईंच्या स्तनातील गाठीची शस्त्रक्रिया होऊन गेली होती. आता किरणोपचार घ्यायचे होते. एकूण २५ दिवस, म्हणजे शनिवार-रविवार सोडून ५ आठवडे. पहाटे वसईहून गाडी पकडायची, परळला जायचे, आपला क्रमांक येईपर्यंत बसायचे आणि दुपार टळल्यावर परतायचे.

"बाई, प्रवासाला सोबत हवी ना? युवक संघातली मुले पाळीपाळीने येतील," मी म्हणालो.

"सोबतीचं बघू, फादर. पण मनीचं काय?"

आणि वाचकहो, मी हसलो. "बाई, मांजरच ते! वाटीभर दूध ठेवा आणि खुशाल निघा."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. चुकलेल्या गणिताकडे पाहावे तसे पाहिले. "तुला कळायचं नाही," एवढेच म्हणून त्या पायऱ्या उतरून गेल्या.

पुढल्या आठवड्यात महिला मंडळाच्या एका भगिनीकडून समजले, की उपचारांच्या पूर्वतयारीसाठी बाईंना ज्या दिवशी बोलावले होते, त्या दिवशी त्या गेल्याच नव्हत्या. माझ्या पोटात गोळा आला. तीस वर्षे मी आजाऱ्यांना भेटी देत आहे, त्यांच्या उशाशी बसून धीराचे शब्द बोलत आहे. आणि माझ्याच शिक्षिकेने मला आपली अडचण सांगितली, तेव्हा मी ती ऐकूनसुद्धा घेतली नव्हती.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. जुने कौलारू घर, पुढे पडवी, मागे केळी. मनी खिडकीच्या फळीवर बसून पाऊस पाहत होती. बाईंनी चहा ठेवला आणि शांतपणे सगळे सांगितले. मनी चौदा वर्षांची. तिचे मूत्रपिंड क्षीण होत चालले आहे. म्हाताऱ्या मांजरांत हा विकार पुष्कळदा आढळतो. ती खूप पाणी पिते, वरचेवर लघवी करते. दुपारी औषध कालवून थोडे अन्न द्यावे लागते. बाई शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात होत्या, तेव्हा एक नातेवाईक मुलगी घरी राहायला आली होती. नवे माणूस पाहून मनी पलंगाखाली शिरली आणि दोन दिवस अन्नाला शिवली नाही. शेवटी तिला सलाईन लावावे लागले.

"आमच्या ह्यांनी तिला नायगाव स्टेशनवरून डब्याच्या पिशवीतून आणली," बाई म्हणाल्या. "मुठीएवढी होती. ते गेले तेव्हा घरात रडणारी मी एकटी नव्हते, फादर. मी तिकडे उपचार घेत राहायचं आणि ती इकडे उपाशी मरायची, असं नाही व्हायचं."

"मी तिच्यासाठी चांगली जागा शोधतो. तुम्ही उपचार सुरू करा."

"आधी जागा, मग उपचार," बाई म्हणाल्या. इस्पितळाने दिलेली नवी तारीख आठ दिवसांवर होती.

मांजरासाठी पाळणाघर असते, हे मला तोवर ठाऊकही नव्हते. आमच्या लहानपणी मांजर म्हणजे ओट्याखालचा प्राणी. बोंबील-मांदेलीची डोकी खावीत, उंदीर धरावेत, एवढाच त्याचा आणि आमचा करार. म्हणून प्रथम मी मनीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला उलटाच प्रश्न केला. "फादर, तिला घरीच ठेवून दुपारी कोणी जाऊन येऊ शकेल का?"

त्यांनी समजावून सांगितले, की कुत्रा माणसाच्या मागे जातो. मांजराला माणसाइतकीच आपली जागा लागते. ओळखीचे वास, ओळखीचे कोपरे, लपायची ठरलेली जागा यांवर त्याचे स्वास्थ्य अवलंबून असते. धडधाकट मांजर दिवसभर घरी राहू शकते, आणि बहुतेक वेळा तेच त्याच्या हिताचे असते. पाळणाघराचा विचार करावा तो निरुपाय असेल तेव्हाच. घराची दुरुस्ती चालली असेल, दुपारचे औषध द्यायला कोणी नसेल किंवा प्राण्यावर दिवसभर लक्ष ठेवणे आवश्यक असेल तेव्हा. आम्ही शेजारीपाजारी विचारून पाहिले. एका घरी कुत्रा, दुसऱ्या घरी दम्याचा रुग्ण, तिसरीकडे सगळेच नोकरीला. रोज भर दुपारी, न चुकता, पाच आठवडे येईल असे माणूस मिळेना. पाळणाघर पाहणे भाग पडले.

पहिली जागा पाहिली ती नव्या वस्तीतली, झगमगीत. काचेचे दार, थंड हवा, भिंतीवर रंगीत चित्रे. मला ती फार आवडली. मालकाने उत्साहाने सगळे दाखवले. एका लांबट खोलीत एका बाजूला कुत्र्यांचे कप्पे आणि समोरच्या भिंतीला मांजरांचे पिंजरे, एकावर एक रचलेले. कुत्रे भुंकत होते. पिंजऱ्यांतली मांजरे अगदी शांत होती. "बघा, कशी शहाणी बसली आहेत," मालक म्हणाला. मीही मान डोलावली. संध्याकाळी डॉक्टरांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, "बसली होती, की दबून राहिली होती? पाय अंगाखाली, कान आडवे, डोळे मोठे?" मी आठवून पाहिले आणि गप्प झालो. भ्यालेले मांजर ओरडत नाही, आक्रसून जाते. जी शांतता मला शिस्त वाटली, ती दहशत होती. अंग लपवायला त्या पिंजऱ्यांत एक साधे खोकेही नव्हते. हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राण्याला ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही डॉक्टरांकडूनच कळले.

दुसरी जागा अगदी निराळी. एका प्रेमळ वृद्धेचे घर. रस्त्यावरची, टाकून दिलेली, जखमी, अशी तीसेक मांजरे तिने सांभाळली होती. तिचे मन किती मोठे, हे पाहून माझे डोळे पाणावले. "आणा फादर तुमची मनी. तीसमध्ये एकतीस!" ती म्हणाली. तिने पैसेही मागितले नाहीत. परंतु तिने लसीचे कार्डही मागितले नाही. दोन पिल्ले शिंकत होती, एकाचे डोळे चिकटले होते आणि सर्वांची पाण्याची परात एकच होती. फरशीवरून उग्र वासाचे काळे फिनेल फिरवले होते.

येथे डॉक्टरांचे शब्द मला आधीच ठाऊक होते. मांजरांना होणारा पॅनल्युकोपेनिया हा रोग अतिशय घातक असून त्याचे विषाणू फरशीत, कापडात, भांड्यात वर्षभरदेखील तग धरू शकतात. साध्या साबणाने ते मरत नाहीत. त्यासाठी १ भाग ब्लीच ३२ भाग पाण्यात मिसळून तो द्राव दहा मिनिटे राहू द्यावा लागतो आणि मग जागा स्वच्छ धुवावी लागते. सर्दीचे विषाणू शिंकेबरोबर शेजारच्या मांजरापर्यंत पोचतात. म्हणून तिहेरी लस आणि रेबीजची लस टोचलेली असल्याखेरीज जेथे कोणतेही मांजर आत घेत नाहीत, तीच जागा आपल्या मांजरासाठी सुरक्षित. आणि फिनेल? ज्या फिनाईलच्या वासाला आपण स्वच्छता समजतो, त्यातील फिनॉलसारखी द्रव्ये मांजराला विषारी ठरतात. मांजर पंजे चाटते. जे फरशीवर, ते त्याच्या पोटात. मी त्या माउलीला मनापासून नमस्कार केला आणि परतलो. नुसत्या प्रेमाने निगा राखता येत नाही, प्रेमाला माहितीचीही जोड लागते, हे ती जागा पाहून मला पटले.

तिसरी जागा रेल्वे स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, तळमजल्यावरचे दोन खोल्यांचे घर. एक निवृत्त परिचारिका ते चालवतात. पाटी नाही, रंगीत चित्रे नाहीत. बेल वाजवली तर त्यांनी आतले दार आधी लावून घेतले आणि मगच बाहेरची जाळी उघडली. दोन्ही दारे एका वेळी कधीच उघडायची नाहीत, हा त्यांचा नियम. खिडक्यांना जाळ्या. भिंतीवर चढउतार करता येईल अशा फळ्या, कारण मांजराला उंचावर बसले म्हणजे निर्धास्त वाटते. मांजरे जास्तीत जास्त चार, प्रत्येकाचा कोपरा निराळा आणि मध्ये आडोसा. वाळूचे ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक अधिक, आणि खाण्याच्या जागेपासून दूर. नाकाला कसलाही वास नाही, ना घाणीचा ना अत्तराचा.

मी प्रश्नांची यादी खिशातून काढली. पण विचारायला त्यांनीच सुरुवात केली. मनी काय खाते, किती खाते, कोणत्या भांड्यात? पाणी दिवसाला किती पिते? औषधाची मात्रा? डॉक्टरांचा दूरध्वनी? घाबरली की कोठे लपते, वर की खाली? कोणी उचललेले चालते का? दुखत असले तर कसे समजते? मला यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे देता आली नाहीत. "फादर, तुम्ही जा आणि ज्यांची मांजर आहे त्यांना घेऊन या," त्या म्हणाल्या. इतक्या सौजन्याने मला आजवर कोणी वर्गाबाहेर उभे केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. दोघी दीड तास बोलत बसल्या. मी नुसता ऐकत होतो. परिचारिकेने आपली वही दाखवली. कोणी किती खाल्ले, किती वेळा लघवी केली, उलटी झाली का, हे वेळेसह लिहिलेले. बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर त्याला त्याच क्षणी डॉक्टरांकडे न्यायचे, कारण मार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. माणसाची औषधे मांजराला कधीच द्यायची नाहीत; पॅरासिटामॉलची एक गोळी त्याचा प्राण घ्यायला पुरेशी आहे. खोलीत फुलदाणी नाही, याचेही कारण होते. मोठ्या पाकळ्यांच्या खऱ्या लिलीचे पराग किंवा फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराचे मूत्रपिंड निकामी करू शकते. वेदीवर मी हौसेने लिली ठेवतो. तिचे हे रूप मला माहीत नव्हते.

बाईंचा शेवटचा प्रश्न असा होता, "पावसाने गाड्या बंद पडल्या आणि मला रात्री येताच आलं नाही तर?"

"तर ती इथे राहील. मी घरातच असते. आणि तुमच्याशी संपर्क झाला नाही, तरी डॉक्टरकडे नेण्याची परवानगी आजच लिहून द्या."

बाईंनी सही केली. शुल्क ठरले. तरीही परिचारिकेने लगेच होकार दिला नाही. आधी एक दिवस तीन तास, मग एक दिवस अर्धा वेळ, मग पुढचे. प्रवासाची टोपली घरात चार दिवस उघडी ठेवा, तिच्यात तिचे अंथरूण घाला, म्हणजे टोपली दिसली की ती पळणार नाही. ते अंथरूण न धुता पाठवा, घरचा वास हवा. जेवण घरचेच आणा. अशी सगळी तयारी झाली.

पहिल्या दिवशी मनी टोपलीतून बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी बाहेर आली, पण खाल्ले नाही. बाई डगमगल्या. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकते, म्हणून परिचारिकेचा नियम कडक होता. घरचे जेवण धरून चोवीस तासांत काहीच पोटात गेले नाही, तर डॉक्टर. सुदैवाने मनी घरी येऊन जेवत होती. किरणोपचारांच्या पहिल्या दिवशी, दुपारी एक वाजता, इस्पितळाच्या बाकावर बसलेल्या बाईंच्या मोबाईलवर एक छायाचित्र आले. वाटी अर्धी रिकामी होती. सोबत गेलेल्या मुलाने मला सांगितले, बाईंनी ते छायाचित्र शेजारच्या अनोळखी रुग्णालाही दाखवले.

याच सुमारास धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत एका सद्गृहस्थाने मला स्पष्टच विचारले, "फादर, माणसांच्या लेकरांना पाळणाघर परवडत नाही आणि आपण मांजरासाठी धावपळ करता?" प्रश्न रास्त होता. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही या विषयाच्या दोन्ही बाजू आहेत. प्राण्यांशी दयेने वागणे हे आपले कर्तव्य आहे. पण माणसाच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा प्रथम खर्च व्हायला हवा, तो प्राण्यांवर उधळणे योग्य नव्हे. मी त्यांना एवढेच म्हणालो, की या बाबतीत माणसापर्यंत पोचण्याची वाट मांजराच्या टोपलीवरून जात होती. ती ओलांडून मी पुढे जाऊ शकलो नसतो. एकदा प्रयत्न केला होता आणि बाईंची एक तारीख वाया घालवली होती.

परंतु त्या गृहस्थाचे बोलणे मनातून जाईना. 'माणसांच्या लेकरांना.' आमच्या धर्मग्रामाची एक बालवाडी आहे, सभागृहामागे. मी तिचा अध्यक्ष. दरवर्षी स्नेहसंमेलनात मी तेथे बक्षिसे वाटतो. त्या रात्री खिशातली मांजराची यादी काढून मी पुन्हा वाचली. दारे किती, आणि ती कोण लावते? फरशी कशाने धुतात? एका माणसामागे किती जण? आजारी आला तर वेगळा कोठे बसवतात? कोणी जेवले नाही, हे कोठे लिहून ठेवतात? न्यायला कोणी आलेच नाही तर? यातला एकही प्रश्न मी आमच्या बालवाडीत कधी विचारला नव्हता. एका मांजरासाठी जे तपासले, ते चाळीस मुलांसाठी मी गृहीत धरले होते.

सकाळी मिस्सेनंतर तेथे गेलो. मागच्या फाटकाची कडी तुटलेली होती आणि ते सुतळीने बांधले होते. फाटकापलीकडे विहीर. सेविकेने खाली मान घालून सांगितले, "फादर, दोनदा ऑफिसात सांगितलं होतं." ते ऑफिस माझेच. कडी त्याच दिवशी बसली. आता तेथेही एक वही आहे आणि दर शुक्रवारी ती माझ्या टेबलावर येते. हे मी फुशारकीने लिहीत नाही. सुतळीवर आमचे किती दिवस निभावले, हे आठवले की अजूनही अंगावर काटा येतो.

बाईंचे उपचार पुढे सरकत राहिले. त्या पहाटे रिक्षाने स्टेशनकडे निघत, वाटेत मनीला पोचवीत आणि गाडी धरीत. तिसऱ्या आठवड्यात त्यांना फार थकवा येऊ लागला, त्वचा भाजल्यासारखी झाली. पण एकही दिवस त्यांनी चुकवला नाही. एकदा मुसळधार पावसात गाड्या रखडल्या आणि त्या रात्री दहाला पोचल्या. परिचारिकेने त्यांना भिजलेल्या साडीनिशी आत घेतले, गरम पेज दिली. मनी फळीवर झोपली होती.

पंचविसावा दिवस झाला त्या संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेलो. बाई आरामखुर्चीत होत्या, मनी मांडीवर. पुढच्या तपासण्या व्हायच्याच होत्या, आणि त्या अजूनही होतात. मनीचेही वय कमी होणारे नव्हते. त्याविषयी आम्ही दोघेही बोललो नाही. मी बायबलमधल्या मांजराची गंमत सांगितली. ज्या ग्रंथांना प्रॉटेस्टंट बंधू प्रमाण मानीत नाहीत, त्यांतल्या बारूखच्या सहाव्या अध्यायात ते एकदाच येते, निर्जीव मूर्तींच्या अंगाखांद्यावर बेधडक बसणारे. बाईंना हसू आले. मग त्यांनी चष्मा वर सारला आणि माझ्याकडे रोखून पाहिले.

"काय रे, आता कळलं का?"

"थोडंसं, बाई," मी म्हणालो.

"बस मग. चहा टाकते," त्या म्हणाल्या. पण मांडीवर मनी झोपलेली असल्यामुळे त्या उठल्या नाहीत. चहा मीच केला.